नमतं घेणारा हात

पक्षाघात झालेल्या माणसाला व्यायाम देणारं यंत्र ही कल्पना आजकालची नव्हे. स्टॉकहोमच्या डॉ. गुस्ताव झांडर यांनी १८६५ सालीच यंत्रांची व्यायामशाळा काढली होती. त्यातली काही यंत्रं रोग्यानं स्वतः चालवायची, तर काही वाफेच्या इंजिनावर चालायची आणि रोग्याचे हातपाय हलवायची. त्यांचा हिसका ठरलेला. रोग्यानं जोर लावला काय, नाही लावला काय, यंत्राला पत्ताच नसायचा.

पुढे कारखान्यांत रोबो आले, तेही याच कुळातले. शब्दही तसाच आहे. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. सुचवला होता भाऊ योसेफनं. रोबोनं नेमल्या रेषेवरून हात न्यायचा, वाटेत कोण आलं ते पाहायचं नाही. असल्या वेठबिगाराच्या हाती दुबळा हात कोण देईल?

ही गाठ सोडवली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नेव्हिल होगन यांनी. यंत्राला जागा किंवा जोर ठरवून देण्याऐवजी, समोरून रेटा आला तर किती नमायचं हे ठरवून द्यावं, असं त्यांनी १९८५ मध्ये मांडलं. मला या कथेतला खरा शोध हाच वाटतो. मोटारी तर आधीपासून होत्याच. नमतं घेणं नव्हतं.

होगन आणि मूळचे ब्राझीलचे हेर्मानो क्रेब्स १९८९ पासून ‘एमआयटी-मॅनस’ घडवू लागले. ‘मॅनस’ म्हणजे लॅटिनमध्ये हात. एमआयटीच्या ‘मन आणि हात’ या ब्रीदातला. मराठी कानाला मात्र ‘माणूस’ ऐकू येतं, आणि ते अगदीच चुकीचं नाही. रोगी टेबलापाशी बसतो, हात यंत्राच्या दांड्यात अडकवतो आणि पडद्यावरचा ठिपका मधून कडेच्या खुणांकडे नेतो. जमलं तर यंत्र गप्प. अडलं तर जरासा आधार. चांगल्या फिजिओथेरपिस्टचा हात यापेक्षा वेगळं काय करतो? फक्त तासाला हजारभर वेळा तेच करायचं तर तो हात थकतो.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्समधल्या बर्क रुग्णालयात रोगी या यंत्रापाशी बसू लागले. सुरुवातीचे निकाल आशा वाढवणारे होते. मग मोठ्या चाचण्या झाल्या आणि हवा थोडी निघाली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १२७ जणांवर झालेल्या चाचणीचे निकाल आले. थेरपिस्टनं तितकीच कसून मेहनत घेतली, तेव्हा यंत्र त्याच्या पुढे गेलं नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ७७० रोग्यांच्या चाचणीचे निकाल आले. हाताची हालचाल थोडी मोकळी झाली होती, पण त्या हातानं रोजची कामं करणं नेहमीच्या उपचारांपेक्षा सोपं झालं नव्हतं.