सूचीकाराचे औदार्य : रायबहादूर हीरालाल यांचे स्मरण

इतिहासकाराच्या मृत्यूनंतर त्याचे मूल्यमापन बहुधा त्याने मांडलेल्या सिद्धान्तांवरून केले जाते. सिद्धान्त टिकले तर नाव टिकते, ते मागे पडले तर नावही विस्मृतीत जाते. परंतु संशोधनाच्या व्यवहारात असाही एक वर्ग असतो, ज्याचे मुख्य कार्य इतरांना सिद्धान्त मांडता यावेत यासाठी सामग्री जमविणे हे असते. सूची, विवरण, हस्तलिखितांच्या नोंदी, स्थलवर्णने ही त्याची निर्मिती. अशा लेखनाला वाङ्मयप्रकार म्हणून मान नाही, आणि ते सर्वांनी वापरूनही त्याच्या कर्त्याचे स्मरण क्वचितच होते. रायबहादूर हीरालाल (१८६७-१९३४) हे या वर्गातील एक ठळक नाव होय. प्रस्तुत निबंधात त्यांच्या कार्याकडे संशोधकीय औदार्याचे उदाहरण म्हणून पाहावयाचे आहे, आणि मराठी अभ्यासावर त्यांचे जे ऋण आहे त्याची नोंद करावयाची आहे.

हीरालालांचा जन्म तत्कालीन जबलपूर जिल्ह्यातील मुडवारा, म्हणजे आजचे कटनी, येथे झाला. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे सोळा किलोमीटरवर पनागर लागते, पुढे सिहोरा येते. या मार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला प्रदेश हा कलचुरि इतिहासाचा गाभा होय. नर्मदेजवळचे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. बहुरीबंद येथे शांतिनाथाची प्रचंड मूर्ती असून तिच्यावरील लेखात गयाकर्णदेवाचे नाव येते. तेथून जवळच रूपनाथला अशोकाचा शिलालेख आहे. उत्तरेस बिलहरी आणि कारीतलाई ही गावे आहेत. पनागरसारख्या लहान गावांत कलचुरिकालीन मूर्ती गावाबाहेरच्या झाडाखाली किंवा चौथऱ्यावर ठेवलेल्या आढळतात आणि त्यांपैकी काही खेरमाई या ग्रामदेवतेच्या नावाने पूजिल्या जातात. मूर्ती मुळात कोणत्या पंथाची होती हा प्रश्न पूजकांच्या दृष्टीने गौण असतो. इतिहासकाराला मात्र येथे दोन गोष्टी एकाच वेळी नोंदवाव्या लागतात : मूर्तीचे मूळ आणि तिचे आजचे नाव. हीरालाल अशाच परिसरात वाढले. शिलालेखाचा अभ्यासक आणि लोकजीवनाचा निरीक्षक या दोन भूमिका त्यांच्या ठिकाणी वेगळ्या का राहिल्या नाहीत, हे या पार्श्वभूमीवरून समजू शकते.

शासकीय सेवेत असताना १९०१ च्या जनगणनेच्या आणि त्यानंतर जिल्हा गॅझेटियरांच्या कामामुळे त्यांना मध्य प्रांताचा कानाकोपरा पाहावयास मिळाला. या काळातील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड (१९१६). त्याच्या मुखपृष्ठावर कर्ता म्हणून आर. व्ही. रसेल यांचे नाव आहे आणि हीरालाल साहाय्यक आहेत. वासाहतिक ज्ञानव्यवहारात देशी विद्वानाला ठरवून दिलेली ही जागा होती. माहिती गोळा करणे, बोलीतील शब्दांचा उलगडा करणे, स्थानिक कथा पारखणे ही कामे त्याची, आणि ग्रंथकर्तृत्व दुसऱ्याचे. या खंडांतील जातिविषयक अनेक विधाने आज पूर्वग्रहदूषित वाटतात, आणि ती तशी आहेतही. राज्यकर्त्यांच्या गरजेतून घडलेल्या या ज्ञानात हीरालालांचा वाटा होता, ही गोष्ट त्यांचे स्मरण करताना झाकून ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, या चौकटीत मिळालेल्या संधीचे त्यांनी पुढे काय केले?

त्याचे पहिले उत्तर त्यांच्या शिलालेखसूचीत मिळते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची त्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि तिची सुधारलेली आवृत्ती १९३२ साली काढली. लेखांची मांडणी जिल्हावार आहे. लेख कोठे आहे, तो कोणत्या भाषेत आहे, त्यात कोणत्या राजाचा व कोणत्या काळाचा उल्लेख आहे, पूर्वी तो कोणी वाचला आणि कोठे छापला, अशी माहिती थोडक्या ओळींत दिलेली असते. अशा नोंदीत लेखकाचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. कनिंगहॅम, कीलहॉर्न, फ्लीट यांच्या वाचनांचा जेथे आधार आहे तेथे तो सांगितलेला असतो, आणि जेथे वाचन अपुरे आहे तेथे पुढच्या अभ्यासकासाठी वाट मोकळी राहते. सूचीची भाषाच अशी की, ‘मी शोधले’ यापेक्षा ‘येथे आहे, जाऊन पाहा’ असे ती वाचकाला सांगते. संशोधनातील औदार्याचा अर्थ हाच होय. आपले ज्ञान दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात सोपविणे हे त्याचे लक्षण मानावे लागेल.

या सोपवणुकीचे मोल बिलहरीच्या लेखावरून दाखविता येते. हीरालालांच्या जन्मगावाजवळच्या या गावातील कलचुरि शिलालेख पुढे नागपूरच्या संग्रहालयात आला. या प्रशस्तीच्या अखेरीस कवी राजशेखराचा उल्लेख येतो. राजशेखराचे ‘विद्धशालभञ्जिका’ हे नाटक त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या दरबाराशी निगडित आहे, त्याची ‘कर्पूरमञ्जरी’ प्राकृतात आहे आणि त्याचा पूर्वज अकालजलद याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हटलेले आहे. कनौज, त्रिपुरी आणि महाराष्ट्र यांना जोडणाऱ्या या वाङ्मयीन भूगोलाचा एक दगडी पुरावा बिलहरीत होता. तौलनिक साहित्याचा अभ्यासक ज्याला संपर्क किंवा संक्रमण म्हणतो, त्याचे स्थलकालदृष्ट्या निश्चित आधार अशाच नोंदींतून उभे राहतात.

मराठीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे कार्य १९२६ सालचे आहे. त्या वर्षी नागपुरात प्रसिद्ध झालेल्या, मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीत कारंजा येथील जैन भांडारांतील ग्रंथांची माहिती प्रथमच व्यवस्थित स्वरूपात विद्वानांसमोर आली. अपभ्रंश साहित्याचा आधुनिक अभ्यास तेव्हा नुकताच सुरू झाला होता. याकोबी यांनी धनपालाची ‘भविसत्तकहा’ १९१८ साली प्रसिद्ध केली होती. तिचीच दलाल आणि पां. दा. गुणे यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९२३ मध्ये बडोद्याहून निघाली. तोपर्यंतचे हे साहित्य मुख्यतः गुजरातकडून उजेडात येत होते. वऱ्हाडातल्या कारंजाने चित्र पालटले. पुष्पदंत आणि कनकामर यांच्या कृतींची हस्तलिखिते तेथे होती. हीरालालांनी त्यांची केवळ नावे दिली नाहीत, तर उतारेही छापले. उतारा छापणे म्हणजे दुसऱ्या संपादकाला आमंत्रण देणे होय.

ते आमंत्रण लवकरच स्वीकारले गेले. कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये आले. अमरावतीचे प्राध्यापक हीरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) संपादिले. वैद्यांनी पुढे पुष्पदंताचे ‘महापुराण’ १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत सिद्ध केले. येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. रायबहादूर हीरालाल आणि प्राध्यापक हीरालाल जैन (१८९९-१९७३) ही दोन भिन्न माणसे होत. नामसाम्यामुळे कधी एकाचे कार्य दुसऱ्याच्या नावावर जाते. सूची करणाऱ्याचे नाव संपादकाच्या नावात विरघळून जावे, हा योगायोगही अर्थपूर्ण वाटतो. मराठीच्या पूर्वपीठिकेची चर्चा करताना आपण अपभ्रंशाचे दाखले देतो, त्यांतील काहींपर्यंत पोहोचण्याचा मार्ग हिंदीभाषक कटनीकराने आखून दिला होता.

हीरालालांच्या औदार्याचे आणखी एक अंग भाषेच्या निवडीत दिसते. इंग्रजीत शासनासाठी लिहिलेली माहिती त्यांनी हिंदीत त्या त्या जिल्ह्याच्या वाचकांसाठी पुन्हा लिहिली. ‘दमोह-दीपक’, ‘जबलपुर-ज्योति’, ‘सागर-सरोज’, ‘मंडला-मयूख’ ही त्या पुस्तकांची नावे. गॅझेटियर हा राज्यकर्त्याने प्रजेविषयी लिहिलेला ग्रंथ असतो. त्याच सामग्रीला अनुप्रासयुक्त नाव देऊन ती गावातल्या शाळामास्तराच्या हाती पोहोचविणे म्हणजे वाचक बदलणे, आणि वाचक बदलला की ग्रंथाचा हेतूही बदलतो. पनागरच्या माणसाला आपल्या गावाबाहेरच्या मूर्तीचे वय आपल्या भाषेत कळावे, ही त्यामागील अपेक्षा होती. विद्वत्सभांत मान मिळूनही (१९३० मध्ये पाटण्याच्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते) हे काम त्यांनी कमी प्रतीचे मानले नाही.

१९३४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. रावणाची लंका अमरकंटकच्या परिसरात होती असे मांडणारा त्यांचा लेख गंगानाथ झा गौरवग्रंथात १९३७ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात, छापला गेला. हे मत विद्वानांत सर्वमान्य झाले नाही. सिद्धान्तकार म्हणून त्यांना मोजावयाचे ठरले तर या उदाहरणावरून निर्णय प्रतिकूलच येईल. पण त्याच काळात नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे वा. वि. मिराशी कलचुरि लेखांकडे वळले होते. १९५५ मध्ये त्यांचा कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा बृहद्ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. सूचीत काही ओळींत नोंदलेले अनेक लेख तेथे पाठ, भाषांतर आणि विवेचन यांसह पूर्ण रूपात भेटतात. सिद्धान्त मागे पडला, सूचीतून मात्र ग्रंथ उभा राहिला.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, राज्यपुनर्रचनेने जुना प्रांत विभागला. जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. ज्या प्रदेशाची सूची हीरालालांनी केली तो प्रदेश प्रशासनाच्या नकाशावर उरला नाही. परिणामी त्यांचे स्मरणही विभागले गेले. हिंदीत ते मध्य प्रदेशाचे इतिहासकार म्हणून ओळखले जातात, तर मराठीत कारंजाच्या संदर्भात एखाद्या तळटीपेत भेटतात. एका बाजूला कलचुरि उरले, दुसऱ्या बाजूला अपभ्रंश. या दोहोंना एका माणसाच्या कामात एकत्र पाहण्याची सवय सुटली.

तौलनिक अभ्यासाला या विभागणीची दखल घ्यावी लागेल. भाषिक राज्यांच्या सीमा आखल्या गेल्यानंतर आपण त्या मागच्या काळावरही नकळत लादतो आणि प्रत्येक भाषेचा इतिहास तिच्याच राज्यात शोधू लागतो. हीरालालांची सूची त्या सवयीला छेद देते. तिच्या पानांवर जबलपूर आणि अकोला, संस्कृत प्रशस्ती आणि तेलुगू लेख, कलचुरि आणि यादव शेजारी शेजारी येतात. त्यांचे स्मारक करावयाचे तर या सूचींची नवी, सटीप आवृत्ती मराठी आणि हिंदी अभ्यासकांनी मिळून सिद्ध करावी आणि नोंदलेले लेख आज कोठे व कोणत्या अवस्थेत आहेत ते प्रत्यक्ष पाहून त्यात लिहावे. ज्याने आयुष्यभर इतरांसाठी नोंदी केल्या, त्याच्या नोंदी पुढे नेणे हेच त्याचे यथोचित स्मरण ठरेल.