तिकिटाची खिडकी : सार्वजनिक तलाव, बागा आणि प्रवेशशुल्काचा इतिहास

व्याख्यानाचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, ‘सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता पोहण्याच्या तलावाच्या फीवर बोलणार?’ आमचं उत्तर असं की न्यायाचा प्रश्न ग्रंथात जितका भेटतो तितकाच तिकिटाच्या खिडकीवरही भेटतो. ग्रंथ मिटून ठेवता येतो, खिडकीपुढे मात्र रांग असते.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे आम्ही कुठे उभे राहून बोलतोय ते कळेल. आमच्या भागात एक सार्वजनिक तलाव आहे. गावाचं नाव नको. काही वर्षांपूर्वी तलावाची फी वाढवायचं ठरलं तेव्हा नियमित पोहणाऱ्या आम्हा ज्येष्ठांना मत विचारलं गेलं. आम्ही ठणकावून सांगितलं, ‘वाढवा. जो वापरतो त्यानं द्यावं, फुकटाची किंमत राहत नाही.’ फी वाढली, फरशी बदलली, पाणी स्वच्छ राहू लागलं. आणि दुपारच्या बॅचला मागच्या वस्तीतली जी पोरं धबाधब उड्या मारायची, ती दिसेनाशी झाली. आमच्या हे लक्षात यायला एक अख्खा उन्हाळा गेला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या आमच्या मताची उलटतपासणी आहे असं समजा.

सुरुवात लिव्हरपूलपासून करू. 1832 साली तिथे कॉलऱ्याची साथ आली. किटी विल्किन्सन नावाची एक गरीब बाई होती. गल्लीत पाणी तापवायचा बंब फक्त तिच्या घरी. तिनं शेजारणींना तो कपडे धुवायला वापरू दिला आणि त्यासाठी आठवड्याला एक पेनी घेतली, असं सांगतात. बघा, परोपकाराच्या या कहाणीतही फी आहे! पेनी कशाला? कोळसा लागतो, बंब झिजतो. पण ती ठरवताना समोरच्या बाईला काय झेपेल हा विचार आधी झालेला दिसतो. पुढे 1842 मध्ये त्याच शहरात फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईघर उघडलं.

1846 साली ब्रिटिश पार्लमेंटनं स्नानगृहांचा आणि धुलाईघरांचा कायदा केला. स्थानिक संस्थांनी मनावर घेतलं तर करातून पैसा उभारून स्नानगृहं बांधावीत, अशी त्यात मुभा होती. पण दराचा निर्णय कायद्यानं स्थानिक मंडळींवर पूर्णपणे सोडला नाही. श्रमिक वर्गासाठी थंड पाण्याच्या स्नानाला एक पेनी आणि गरम पाण्याच्या स्नानाला दोन पेनी, तीही स्वच्छ टॉवेलासकट, ही कमाल मर्यादा कायद्यातच घातली. शिवाय वरच्या वर्गासाठी जितक्या न्हाण्या असतील त्याच्या निदान दुप्पट श्रमिकांसाठी असल्या पाहिजेत, अशी अटही घातली. म्हणजे दराबरोबर संख्याही बांधून दिली. हे फार शहाणपणाचं होतं. नुसता दर कमी ठेवून जागाच चार ठेवल्या, तर ती सवलत कागदावरच राहते. आपल्याकडच्या ‘सवलतीच्या’ बॅचची वेळ कोणती असते ते एकदा बघा. बहुतेक वेळा भर दुपारची, उन्हातली.

पण याच स्नानगृहांची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेव्हा पाणी गाळून परत वापरायची यंत्रं नव्हती. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, मग रिकामा करायचा. कित्येक ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग आणि पाणी गढूळ होत जाईल तसं स्वस्त, अशी रीत होती. पहिल्या दिवशी सुखवस्तू मंडळी पोहत आणि शेवटी शेवटी मजुरांची मुलं त्याच पाण्यात उतरत. म्हणजे स्वस्त दराचा अर्थ दोन प्रकारे होऊ शकतो. तीच गोष्ट कमी पैशात मिळणं हा एक प्रकार, आणि कमी पैशात कमी दर्जाची गोष्ट मिळणं हा दुसरा. दरपत्रकात दोन्ही सारखेच दिसतात. पाण्यात उतरल्यावर फरक कळतो.

आता तलावातून बागेत आणि संग्रहालयात येऊ. डर्बी शहरात 1840 साली जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकानं वृक्षोद्यान करून ते लोकांना दिलं. बुधवारी आणि रविवारी प्रवेश मोफत, एरवी तिकीट. देखभालीचा खर्च निघावा आणि सुट्टीच्या दिवशी कामगाराला कुटुंबासह येता यावं, असे दोन हेतू त्यानं वारांची वाटणी करून जुळवले. दार सर्वांना उघडं, पण एकाच दिवशी नाही!

हीच युक्ती 1851 च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात भव्य प्रमाणावर दिसते. सुरुवातीला एक पौंड तिकीट, मग पाच शिलिंग, आणि 26 मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारी अडीच आणि शनिवारी पाच. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे दर विसाव्या हिश्शावर आला. तेव्हा काही प्रतिष्ठितांना धास्ती वाटत होती की शिलिंगवाले लोक येतील आणि नासधूस करतील. तसं काही झालं नाही. शिलिंगवाले आले, रांगेत चालले, यंत्रं पाहून थक्क झाले, घरून आणलेलं खाल्लं आणि परत गेले. एकूण सुमारे साठ लाख भेटी झाल्या आणि प्रदर्शनाला 1 लाख 86 हजार पौंडांची शिल्लक राहिली. गर्दीविषयीची भीती आणि दरवाढीची मागणी यांचं नातं जुनं आहे. ‘दर वाढवला की बरे लोक येतील’ हे वाक्य आम्ही आमच्या तलावावरही ऐकलं आहे. खरं सांगायचं तर मान डोलावली आहे.

त्या शिल्लक रकमेतून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली गेली आणि तिथे संग्रहालयं उभी राहिली. 1857 साली उघडलेल्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात हेन्री कोल यांनी तीन दिवस मोफत आणि तीन दिवस सहा पेनी असा नियम ठेवला. पण कोल यांचं खरं मोठेपण आमच्या मते गॅसच्या दिव्यांत आहे. दिवसा कामावर असलेल्या माणसाला मोफत प्रवेशाचा काय उपयोग? म्हणून त्यांनी दिवे लावून संग्रहालय संध्याकाळी उघडं ठेवलं. वेळ हीसुद्धा एक फीच असते, हे त्यांना समजलं होतं.

याचा धागा थेट आपल्या भायखळ्यापर्यंत येतो. राणीच्या बागेतलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुलं झालं. त्याच्यासाठी खटपट करणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट ही आपली माणसं होती. पुढे 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. गिरणगावातल्या कितीतरी पिढ्यांची ‘मुंबई पाहणं’ या बागेतूनच सुरू झाली. गावाहून पाहुणे आले की डबे घेऊन राणीची बाग, हा ठरलेला कार्यक्रम असे.

आता थोडं तत्त्वाकडे वळू. ‘वापरणाऱ्यानं द्यावं’ हे वाक्य इतकं सरळ वाटतं की त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न ज्यूल द्युप्यू या फ्रेंच अभियंत्यानं 1844 साली विचारला, पुलाच्या टोलविषयी. पूल बांधून झालाय, वर गर्दी नाही. आणखी एक माणूस चालत गेला तर जादा खर्च किती? जवळजवळ शून्य. मग टोलामुळे जो माणूस परत फिरला, त्याच्या न जाण्यानं कुणाचं काय वाचलं? कुणाचंच काही नाही. त्याचा मात्र तोटा झाला, आणि हा तोटा कुठल्याही जमाखर्चात दिसत नाही. हेच आमच्या तलावाला लावा. दुपारी पाणी भरलेलं आहे, जीवरक्षक खुर्चीत बसलेला आहे, वीज चालू आहे. वस्तीतली दहा पोरं आली नाहीत म्हणून पालिकेचे किती पैसे वाचले?

अर्थात द्युप्यूचा दाखला देऊन सगळं फुकट करा असं म्हणता येत नाही. पूल बांधायला पैसा लागतोच. सकाळी सहाच्या बॅचला तलावात हात हलवायला जागा नसते. तिथे आणखी एक माणूस आला की बाकीच्यांना त्रास होतो. तिथे फी न्याय्य आहे, आणि आमच्यासारख्या पेन्शनरांनी ती बिनतक्रार द्यावी. म्हणजे एकाच तलावाला सकाळी एक न्याय आणि दुपारी दुसरा, यात विसंगती नाही.

मोफत केलं की सगळं सुटतं का? तेही नाही. इंग्लंडमध्ये 2009 साली सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना पोहणं मोफत करायची सरकारी योजना सुरू झाली आणि 2010 मध्ये बंदही झाली. जे आधीपासून पैसे देऊन पोहत होते, त्यांनाच मोठ्या प्रमाणात लाभ मिळाला, असं मूल्यमापनात दिसलं. ज्याला पोहायला येतच नाही, ज्याच्या घरात कधी कुणी तलावाची पायरी चढलं नाही, तो केवळ तिकीट शून्य झालं म्हणून येत नाही. त्याला कुणीतरी ‘ये’ म्हणावं लागतं.

आणि इथे महाराष्ट्राच्या इतिहासातली एक गोष्ट आठवलीच पाहिजे. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनं आपलं तळं खुलं झाल्याचं जाहीरही केलं. तरीही 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, तेव्हा त्या हक्काला अर्थ आला. त्या तळ्याला तिकीट नव्हतं, मंडळी! दार पैशानं बंद होतं असं नाही, ते माणसांनी बंद केलेलं होतं. म्हणून फीची चर्चा करताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, जे सार्वजनिक पैशातून उभं राहिलं ते सर्वांचं आहे, हे बोले ठरावाचं तत्त्व. दोन, तो हक्क कागदावर असणं आणि माणूस पाण्यापर्यंत पोचणं यात अंतर असतं. ते अंतर वाढवायला फी पुरेशी असते, पण कमी करायला फी-माफी पुरेशी नसते.

मग गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ‘स्वतःचा खर्च स्वतः काढा’ ही भाषा इतकी रुळली कशी? एक टप्पा अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियात 1978 साली मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा घातली. कर आटला, तशा उद्यानं आणि क्रीडा विभाग चालवणाऱ्या संस्था फीकडे वळल्या. म्हणजे फी वाढते तेव्हा बहुधा आधी कुठेतरी कर कमी झालेला असतो. कर ऐपतीप्रमाणे घेता येतो, तिकीट मात्र दारात सगळ्यांना सारखंच.

आपल्याकडचं ताजं उदाहरण पुन्हा राणीच्या बागेचं. पेंग्विन आल्यावर 2017 मध्ये मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं, आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपये. वाढीचं समर्थन करता येतं. पाच रुपयांत आज चहासुद्धा येत नाही. पण दरपत्रकात एक चित्र दडलेलं आहे ते पाहा. आई, बाप आणि दोन मुलं म्हणजे कुटुंब. गावाहून आलेली आजी, बरोबरची मावशी, शेजारची दोन पोरं या चित्रात कुठे बसतात? दरपत्रक लिहिणारा माणूस नकळत समाजाचं चित्र काढत असतो. त्यानं आपल्याच घराचं चित्र काढलं, तर बाकीच्यांना ज्यादा पैसे पडतात.

आता समारोप करतो. फी ठरवणाऱ्या कुणालाही आम्ही चार साधे प्रश्न विचारायला सांगू. आणखी एक माणूस आल्यानं खरोखर किती खर्च वाढतो? या दरामुळे कोण परत फिरेल, आणि त्याची मोजणी कोण करतंय? सवलतीत तेच पाणी मिळतंय की गढूळ? आणि ज्याला सवलत हवी त्याला ती मागताना खिडकीवर मान खाली घालावी लागते का? या शेवटच्या प्रश्नात 1850 च्या ब्रिटिश ग्रंथालय कायद्याचं शहाणपण आहे. पाच वर्षं आधीच्या संग्रहालय कायद्यानं एक पेनीपर्यंत प्रवेशशुल्क चालवून घेतलं होतं. ग्रंथालय कायद्यानं प्रवेश सरसकट मोफत केला. गरीब कोण हे विचारायची वेळच येऊ दिली नाही.

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही पालिकेला पत्र लिहिलं. आधी दिलेलं मत चुकलं होतं असं त्यात स्पष्ट म्हटलं. सकाळच्या बॅचची फी आहे तीच ठेवा, हवं तर आमची आणखी वाढवा, पण दुपारची बॅच शाळेच्या मुलांना मोफत करा आणि शिकवायला माणूस द्या, अशी विनंती केली. दोनदा पोच आली, उत्तर अजून नाही. दरम्यान आम्ही तिघे म्हातारे शनिवारी दुपारी वस्तीत जातो, चार-पाच पोरांना घेऊन येतो आणि त्यांची तिकिटं काढतो. हा काही उपाय नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. किटीबाईंच्या बंबासारखं आहे ते. बंबानंतर कायदा यायला चौदा वर्षं लागली. आमच्याकडे तेवढी वर्षं आहेत की नाही कोण जाणे, म्हणून तुम्हाला सांगतोय. आपापल्या वॉर्डात जाऊन एकदा त्या खिडकीपाशी उभे राहा आणि कोण आत जातंय यापेक्षा कोण परत जातंय ते बघा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.