पाणी ओसरल्यावरची मदत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा अहवाल येतोच. त्याच्या जोडीला एखादा इतिहासपर लेख असावा, अशी संपादक-भगिनींची इच्छा होती. आपण कृष्णाकाठच्या. श्रावणात चार बायका एकत्र बसल्या की पुराच्या गोष्टी निघाल्यावाचून राहत नाहीत. म्हणून पूरग्रस्तांना समाजाने आजवर कसे साहाय्य केले, त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे मी योजले आहे.

पूर म्हणजे संकटच, असे आपल्याकडे सरसकट कोणी मानीत नाही. नृसिंहवाडीस दत्तपादुकांवरून वाहणारे पाणी दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले की स्नानाला गर्दी लोटते. चढत्या नदीची आपण ओटी भरतो. परंतु तीच नदी उंबरा ओलांडून आत आली, म्हणजे चूल, धान्याची कणगी आणि अंथरूण-पांघरूण एका रात्रीत जाते. मग शाळेच्या खोलीत नाही तर देवळाच्या ओवरीत बिऱ्हाड मांडावे लागते. अशा वेळी मदत येते, हे खरे. पण ती कोणत्या रूपाने येते आणि किती दिवस टिकते, हे पाहण्यासारखे आहे.

१९२२ साली उत्तर बंगालात मोठा पूर आला. त्या वेळी आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे थोर रसायनशास्त्रज्ञ साठी ओलांडलेले होते. प्रयोगशाळेतले काम बाजूला ठेवून त्यांनी मदतकार्य अंगावर घेतले. कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयात मदतीचे कार्यालय थाटले गेले आणि त्यांचे विद्यार्थीच स्वयंसेवक झाले. सनदी नोकरी सोडून आलेले तरुण सुभाषचंद्र बोस प्रत्यक्ष पूरग्रस्त भागात काम करीत होते. अन्न-वस्त्र तर वाटले गेलेच. परंतु आचार्यांनी त्यासोबत चरखाही नेला. शेत बुडाले तरी घरातल्या स्त्रीच्या हाताला काम असावे आणि चार पैसे तिच्या स्वतःच्या कष्टाचे असावेत, ही त्यामागची दृष्टी होती. वाटपाच्या रांगेत रोज उभे राहण्याने माणसाचे मन किती खचते, हे त्यांनी जाणले होते.

पुढे दोनच वर्षांनी, १९२४ च्या जुलैत, मलबार, कोचीन आणि त्रावणकोर हा सारा मुलूख पाण्याखाली गेला. तिकडच्या कोल्लम शकाचे ते १०९९ वे वर्ष होते. त्यामुळे तिथले लोक अजूनही त्याला ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणतात. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ या पत्रांतून मदतीची हाक दिली. कोणा भगिनीने हातातल्या बांगड्या आणि गळ्यातली साखळी दिली, कोणी पायांतली जोडवी उतरवून दिली. काहींनी एक वेळचे जेवण सोडले, काहींनी दूध सोडले, आणि वाचलेले पैसे पाठवले. मलबार कोठे आहे हे त्यांतल्या कितीजणींना ठाऊक असेल? तरी त्यांनी दिले. स्वतःच्या उपयोगाचे होते तेच त्यांनी दिले, ही गोष्ट मला विशेष वाटते.

१९२७ च्या जुलैत गुजरातेत अतिवृष्टी झाली. गुजरात तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. सरदार वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि प्रांतिक काँग्रेसचेही. त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव धान्य पोहोचवले. पण वल्लभभाईंची नजर पुढच्या महिन्यांवर होती. पुन्हा पेरणी वेळेत झाली नाही तर वर्षभर उपासमार ठरलेली, म्हणून बियाण्याची व्यवस्था झाली. भिंती पडलेल्या, म्हणून घरबांधणीच्या सामानाची सोय झाली. लोकवर्गणीने हे सारे भागणार नाही हे ओळखून त्यांनी सरकारकडूनही सुमारे एक कोटी रुपयांचे साहाय्य मिळवले. दानशूर मंडळींनी द्यावे आणि सरकारने मोकळे राहावे, हे त्यांना मान्य नव्हते.

आता आपल्या घरची गोष्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेले, तेव्हा याहून मोठा पूर येणे नाही असे सगळे म्हणत होते. २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मदतीच्या गाड्या आल्या. ते ऋण आपण विसरू नये. तरीही काही उणिवा सांगितल्या पाहिजेत. क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले असेल तरच मोफत धान्य, अशी सरकारी अट होती, आणि तिच्यावर रास्त टीका झाली. एका रात्रीच्या पाण्यानेही पिठाचा डबा जायचा तो जातोच. दुसरीकडे, जुन्या कपड्यांची गाठोडी इतकी साचली की ती ठेवावी कोठे, हा प्रश्न पडला. मात्र पाळीच्या घड्या, आतले कपडे, तान्ह्यासाठी दूध, चिखल काढायला फावडी आणि झाडू, यांची आठवण फार थोड्यांना राहिली. आणि दोन आठवड्यांनी, घरात गुडघाभर गाळ असताना, गाड्या यायच्या थांबल्या.

याच्या उलट उदाहरण केरळातच सापडते. २०१८ च्या ऑगस्टात तेथे पुन्हा महापूर आला आणि दहा लाखांवर लोक निवारा-केंद्रांत राहिले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ या स्त्रियांच्या चळवळीचे गट तेव्हा गावोगाव होते. पाणी उतरताच या भगिनी घरे धुवायला बाहेर पडल्या. पुढे याच बचत गटांमार्फत पूरग्रस्त सभासद स्त्रियांना संसार पुन्हा मांडण्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळाले. व्याजाचा भार सरकारने उचलला. कोणाचे काय गेले, हे शेजारणीला जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कोणालाही नसते. म्हणून हे काम स्त्रियांच्या मंडळाला साधते.

भगिनींनो, या साऱ्या इतिहासातून मला एक सूचना सुचते, ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी. आपल्या पूरनिधीचे दोन भाग करावेत. पहिला पाणी चढताच खर्च व्हावा. दुसऱ्याला मात्र पाणी ओसरून पंधरा दिवस होईपर्यंत कोणी हात लावू नये. त्यानंतर दोघी-दोघींनी घरोघर जावे, बाईमाणसाला काय हवे ते तिच्याच तोंडून ऐकावे, आणि मगच खरेदीला निघावे. कोणाला शिलाईयंत्र दुरुस्त करून हवे असेल, कोणाला मुलांची पुस्तके, तर कोणाला नुसता गाळ उपसायला चार हात. यंदाचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी हा ठराव व्हावा, अशी माझी विनंती आहे.