अंतुले प्रकरण: ‘सिद्ध झालं’ लिहिण्याआधी थांबा

बर्डीवरच्या अभ्यासिकेत बसून तुम्ही महाराष्ट्राचं राजकारण वाचत असाल, तर बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्याबद्दल नोट्समध्ये बहुधा एकच ओळ असेल: सिमेंट घोटाळा, राजीनामा, १९८२. परीक्षेला ती पुरते, संशोधनाला नाही.

आधी यंत्रणा समजून घ्या. त्या काळात सिमेंटचा भाव आणि वाटप, दोन्ही सरकारच्या हातात होतं. बाजारात टंचाई, त्यामुळे परमिटलाच किंमत आली. आरोप असा होता की मुख्यमंत्री अंतुले यांनी काढलेल्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ वगैरे ट्रस्टना देणगी देणाऱ्या बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळतो. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये हे छापलं.

आता कागद क्रमाने लावा, खरी गंमत इथेच आहे.

१. जानेवारी १९८२: मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला. अंतुले पायउतार झाले. पण ही रिट याचिका होती, फौजदारी खटला नव्हे.

२. फेब्रुवारी १९८४: रामदास नायक यांच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पद सुटल्यावर खटल्यासाठी पूर्वमंजुरी लागत नाही. शिवाय खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला.

३. १९८६: आरोप निश्चित करण्याइतकं प्रकरण आहे, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला. लक्षात घ्या, आरोपनिश्चिती म्हणजे दोषसिद्धी नव्हे.

४. एप्रिल १९८८: सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की १९८४ चा वर्ग करण्याचा आदेशच कायद्याला धरून नव्हता. कारण असे खटले चालवायचा अधिकार कायद्याने फक्त विशेष न्यायाधीशाला दिलेला होता.

म्हणजे ‘अंतुले दोषी ठरले’ याला लेंटिन निकालाचा आधार घेतला तर चूक. ‘सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं’ याला १९८८ चा निकाल लावला तरी चूकच. पहिला निकाल शिक्षेचा नाही आणि शेवटचा निर्दोषत्वाचा नाही, तो अधिकारक्षेत्राचा आहे. इटलीत १९९२ पासून गाजलेल्या मिलानच्या लाचखोरी तपासातही कित्येक खटले मुदत उलटल्यामुळे संपले. त्यांनाही ‘निर्दोष’ म्हणता येत नाही.

मग माणसं पुढे कुठे गेली, हा वेगळा प्रश्न. अंतुले १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले. सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं, आणि परमिटची किंमतही गेली. माझ्या मते संशोधनाचा मोठा विषय हाच आहे: माणूस बदलल्याने किती फरक पडला आणि नियम बदलल्याने किती?

कुठलाही घोटाळा हातात घ्याल तेव्हा वहीत चार रकाने आखा: आरोप कुणी केला, तपासात काय निघालं, न्यायालयाने नेमक्या कोणत्या प्रश्नावर निकाल दिला, आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. चौथा रकाना रिकामा दिसला, तर निकालपत्र पुन्हा वाचा. बातमी वाचून तो भरत नाही.