डीडीटी आणि मातीचें ऋण

भामरागडच्या अरण्यांत, हेमलकसा येथें, १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. तेथील दवाखान्याला हिंवतापाशीं सतत झुंजावें लागलें. या रोगाविरुद्ध भारतानें १९५३ पासून देशभर डीडीटीची फवारणी केली. या द्रव्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं ओळखला होता. त्यानें असंख्य प्राण वांचले. परंतु जो टिकाऊपणा भिंतीवर उपकारक, तोच मातींत अपकारक ठरला. तेथें हें विष वर्षानुवर्षें राहतें. त्याला मोडतात ते मातींतील जीवाणू. पाण्यानें तुंबलेल्या भातखाचरांत, जेथें हवा पोंचत नाहीं, तेथें ते रेणूंतील क्लोरीनचा एक अणू काढून हायड्रोजनचा बसवितात. उरतें तेंही विषारीच. पुढील काम इतर जीवाणू सावकाश करतात. मनुष्यानें घटकेंत केलेलें ऋण फेडावयास मातीला पिढी खर्चावी लागते.