अठरा दिवस विसरून ऐका

तुमच्या पायाखालचं गवत केव्हाच मातीला मिळालं आहे. तारीख ३१ ऑगस्ट १९७०, रात्रीचे दोन वाजत आलेत. समुद्रावरून येणारा वारा अंगाला झोंबतो आहे आणि तुम्ही कुणाच्या तरी घोंगडीच्या टोकावर अंग चोरून बसला आहात. हे इंग्लंडच्या दक्षिणेचं आइल ऑफ वाइट बेट. त्याच्या पश्चिम टोकाला, फ्रेशवॉटर बेच्या वर, ही अ‍ॅफ्टन डाउन नावाची टेकडी. बेटाची वस्ती लाखभर. इथे संगीत महोत्सवाला जमलेल्यांचा आकडा पुढे सहा लाख सांगितला जाईल. पाच दिवस माणसं अशीच उघड्यावर आहेत. तीन पौंडांचं तिकीट काढलेले आत, न काढलेले वर टेकडीवर. मधल्या कुंपणावरून मारामाऱ्या झाल्या, कुंपण पाडलं गेलं आणि शेवटी आयोजकांनी हात टेकून सगळ्यांना फुकट आत सोडलं.

तुम्ही मात्र अशी एक गोष्ट बरोबर आणली आहे, जी इथे कुणालाच माहीत नाही. आता मंचावर येणारा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स २७ वर्षांचा आहे आणि १८ सप्टेंबरला तो लंडनमध्ये मरणार आहे. अठरा दिवस. हा आकडा तुमच्या डोक्यात घण घालतो आहे. जमलं तर तो घोंगडीखाली सारून ठेवा. तो डोक्यात ठेवून ऐकायला बसलात, तर आज रात्री तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही.

तो येतो. झगझगीत नारिंगी कपडे, फुलपाखराच्या पंखांसारख्या सैल बाह्या. तो डावखुरा आहे, म्हणून उजव्या हातानं वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार त्यानं उलटी धरली आहे आणि तारा आपल्या सोयीनं फिरवून चढवल्या आहेत. ड्रम्सवर मिच मिचेल, बेस गिटारवर बिली कॉक्स, सैन्यातल्या दिवसांपासूनचा दोस्त. आणि मंचावर चित्रपटकार मरी लर्नरच्या माणसांचे कॅमेरे. आज जे काही होईल, ते फिल्मवर उतरणार आहे.

सुरुवात तो ब्रिटनच्या राष्ट्रगीतानं करतो, शब्दांवाचून, नुसत्या गिटारवर. सूर ताणतो, फाडतो, पुन्हा जागेवर आणतो. गर्दी खूश होते. तुम्ही त्याच्या हाताकडे बघा. ब्रिजला जोडलेला लोखंडी दांडा, ज्याला गिटारवाले व्हॅमी बार म्हणतात, तो दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर दरीत कोसळल्यासारखा खाली येतो. सोडला की तारा परत ताणल्या जातात, पण अगदी होत्या तिथेच येतील याची खात्री नसते. त्यात तो तारा मुळातच नेहमीपेक्षा अर्ध्या स्वरानं उतरवून लावतो. शिवाय समोर समुद्राची ओली हवा, डोक्यावर तापलेले दिवे. तारा जागेवर राहणार कशा? गाणं संपतं न संपतं तोच त्याची बोटं खुंट्यांकडे जातात. तो कान देतो, पिळतो, पुन्हा कान देतो. लोकांना थोडं थांबायला सांगतो.

आपल्याकडे गवई मैफल थांबवून तंबोरा जुळवायला लागला, तर रसिक श्वास रोखून बसतात. जवारी नीट लागली की 'वा' म्हणतात. सूर लावणं हा आपल्याकडे गाण्याचाच भाग. इथे, या अंधारात, त्याला तेवढी उसंत कोण देणार? सहा लाखांना धमाका हवा आहे. तीन वर्षांपूर्वी माँटेरीच्या महोत्सवात त्यानं गिटार पेटवली होती; ती आग लोक अजून मागतात.

'मशीन गन' सुरू होतं आणि तुम्ही सावरून बसता. युद्धाविषयीचं हे गाणं एकेकाळी छत्रीधारी सैनिक असलेल्या माणसानं लिहिलं आहे. मिचेलच्या ड्रम्समधून गोळ्यांची सरबत्ती होते आणि तिच्यावर गिटार विव्हळते. तेवढ्यात मधेच खरखर ऐकू येते. कुणीतरी बोलतं आहे. मंचावर कुणी तोंड उघडलेलं नाही, तरी त्याच्या अ‍ॅम्पमधून माणसांचे आवाज येताहेत! बंदोबस्तावरच्या लोकांच्या वॉकीटॉकीतलं बोलणं थेट त्याच्या वाद्यात शिरलं आहे.

यात भुताटकी नाही. इलेक्ट्रिक गिटारमधल्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तिथला सूक्ष्म विद्युतप्रवाह लांबलचक केबलमधून अ‍ॅम्पकडे जातो. ही केबल एरियलचं काम करू शकते. जवळपास रेडिओचा संदेश असला की तो ती पकडते, मधले पेडल आणि अ‍ॅम्प तो मोठा करतात आणि स्पीकर बोलू लागतो. कारण इतकं साधं आहे. पण ज्याचे डोळे मिटलेत, जो एका स्वराच्या टोकाशी पोचला आहे, त्याच्या कानात त्याच क्षणी कुणाचं तरी पहाऱ्यावरचं बोलणं घुसावं, हे किती क्रूर आहे ते बघा. त्याच्या कपाळावर आठी उमटते. तरी तो थांबत नाही. बावीस मिनिटं तो ते गाणं ओढत नेतो, आवाजांसकट.

आता तुम्हाला त्याचा वैताग सरळ दिसतो. पाचच दिवसांपूर्वी, २६ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओचं उद्घाटन झालं. तिथल्या भिंती त्याच्या मनाजोगत्या, एकेक सूर घासूनपुसून घ्यायची मुभा. ते सोडून तो इथे आला, जिथे अर्धा सूर वारा नेतो आणि उरलेल्यात वॉकीटॉकी बोलतो. आत ऐकू येणारं गाणं आणि स्पीकरमधून बाहेर पडणारं गाणं यांत इतकं अंतर पडलं, तर कुठल्या कलावंताचा जीव कासावीस होणार नाही?

मग 'रेड हाउस' येतं. आता त्याच्या गळ्यात बाणाच्या टोकासारखी गिब्सन फ्लाइंग व्ही आहे, खास डावखुऱ्यासाठी बनवलेली. संथ ब्लूज, बारा बारचं साधं चक्र, पुन्हा पुन्हा समेवर येणारं. इथे घाई नाही. तो एक तार बोटानं वर ढकलतो, स्वर हळूहळू चढत आपल्या जागी पोचतो आणि तिथे थरथरत उभा राहतो. तुमच्या शेजारचा पोरगा, जो मघापासून पेंगत होता, मान वर करतो. हा स्वर अचूक लागला आहे. तुम्हाला कळलं, त्याला कळलं आणि मंचावरच्या माणसालाही कळलं.

दोन तासांनी तो शेवटचं गाणं संपवतो, गिटार खाली टाकतो आणि निघून जातो. ती पडल्याचा आवाज तुमच्या छातीत उतरतो आणि घोंगडीखाली सारलेला आकडा लगेच वर डोकं काढतो. बघ, तुम्ही मनात म्हणता, याला कळलं होतं.

तेच म्हणू नका. लर्नरनं टिपलेली ही रात्र २००२ साली 'ब्लू वाइल्ड एंजल' या नावानं पूर्ण लांबीच्या चित्रपटात लोकांसमोर येईल. बघणाऱ्यांना त्या आठीत मरणाची सावली दिसेल, प्रत्येक उसाशात निरोप ऐकू येईल. पण तुम्ही इथे बसला होतात. तुम्ही त्याचे हात बघितलेत. दोन तासांत ते कितीदा खुंट्यांकडे गेले, आठवा. ज्यानं मनातून सगळं सोडून दिलं आहे, तो उतरलेली तार जुळवत बसत नाही. सूर अजून लागू शकतो असं ज्याला वाटतं, तोच वैतागतो आणि तोच पुन्हा खुंटी पिळतो.

घोंगडी झटकून उठा. पूर्वेला अजून उजाडलेलं नाही.