कपिल देवच्या जाहिराती आणि ऐंशीचे दशक

दूरदर्शनवर जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या. त्यांना देशभरचा प्रेक्षक मिळाला तो मात्र १९८२ नंतर. त्या वर्षी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्या दोनेक वर्षांत लहान गावांपर्यंत प्रक्षेपक उभे राहिले. नेमक्या याच काळात, २५ जून १९८३ रोजी, भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. माल विकायला जाहिरातवाल्यांना नवा चेहरा सापडला तो विजेत्या संघाच्या कर्णधाराचा, चंडीगढच्या कपिल देवचा.

कपिल देवचे कुटुंब फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेले, वडील लाकडाचे व्यापारी. शहरही फाळणीतूनच जन्मलेले: लाहोर गेल्यावर पंजाबसाठी नवी राजधानी म्हणून वसवलेले. कपिलच्या आधी क्रिकेटपटूंच्या जाहिराती म्हणजे बहुतांशी मुंबईचा मामला. ब्रिलक्रीम लावलेले फारुख इंजिनिअर किंवा दिनेश सूटिंग्जमधले सुनील गावसकर पाहिले, की ऐट शहरी आणि भाषा इंग्रजी असायची.

पामोलिव्ह शेव्हिंग क्रीमच्या जाहिरातीत कपिल ‘पामोलिव्ह दा जवाब नहीं’ म्हणाला आणि ही चौकट मोडली. पंजाबी वळणाचे ते वाक्य कोकणातल्या पोरांच्याही तोंडी बसले. दूरदर्शनच्या बातम्यांची हिंदी संस्कृतप्रचुर होती; बोलीचा मोकळेपणा त्या पडद्यावर साबण-क्रीम विकणाऱ्यांनी आणला, हे थोडे गमतीचेच. रॅपिडेक्सच्या इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकाची जाहिरातही कपिलनेच केली. त्याच्या इंग्रजीची टिंगल होत असे, म्हणूनच ती जाहिरात पटली. पंजाबी बाण्याचा अभिमान आणि इंग्रजी येत नसल्याचा सल हे दोन्ही त्या दशकातल्या निमशहरी मध्यमवर्गात एकत्र नांदत होते.

अशा जाहिराती पुरावा म्हणून वाचताना एक सावधगिरी हवी. घराघरांत काय होते, यापेक्षा काय असावेसे वाटत होते, हे त्या सांगतात. कपिलच्याच बूस्टच्या जाहिरातीतला शक्तिवर्धक पेयाचा डबा अनेक घरांत महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत बसणारा नव्हता. टीव्हीसुद्धा पुष्कळदा शेजाऱ्यांकडे जाऊनच पाहिला जाई.

काय टिकले आणि काय हरवले, हाही योगायोगाचाच भाग. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध कपिलने केलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रीकरण उपलब्ध नाही. त्याच्या गालावरचा साबणाचा फेस मात्र आजही पाहता येतो.

उपग्रह वाहिन्या आल्यावर एका वाहिनीपुढे सारा देश बसण्याचे दिवस सरले. बूस्टच्या जाहिरातीत कपिलशेजारी कोवळा सचिन तेंडुलकर आला. कपिल १९९४ मध्ये निवृत्त झाला आणि क्रिकेटच्या जाहिरातींचे केंद्र पुन्हा मुंबईकडे सरकले.